चालक : उत्तम

आंबा घाट सुरू व्हायच्या जरा अलीकडे गाडीने आपणहून डावीकडचा दिवा लावला, वेग कमी केला आणि करवंदीच्या एका जाळीशेजारी ती थांबली. मोरेश्वर जागुष्टे तेव्हा गाण्याच्या दुसऱ्या कडव्यावर होते. गाणं मध्येच तुटलं आणि त्याच स्पीकरमधून एक समजूतदार बाई म्हणाली, "आपली प्रकृती ठीक दिसत नाही. कृपया शांत बसून राहा. मदत येत आहे."

"मला काय धाड भरलीय?" मोरेश्वर गाडीला म्हणाले.

गाडी हलली नाही. अर्ध्या तासाने रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या तरुण डॉक्टरणीने त्यांच्या छातीला तारा लावल्या, पट्टी पाहिली आणि ती हसली.

"काका, तुमचा ठोका अधूनमधून चुकतो, माहितीये ना?"

"माहितीये. गोळी घेतो रोज."

"मग झालं. तुम्हाला काही झालेलं नाही. गाडी घाबरली."

हे दुसऱ्यांदा होत होतं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा गाडी घाबरली नाही, तिने निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोरेश्वरांनी चावी फिरवली, तर पडद्यावर अक्षरं आली : आपल्या सुरक्षिततेसाठी आपणांस चालकाच्या आसनावरून प्रवास करता येणार नाही. प्रवासी म्हणून आपले स्वागत आहे.

गेल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या सगळ्या गाड्यांना असे कान होते. स्पीकरमधून एक फार उंच पट्टीचा सूर सतत सोडला जायचा. माणसाला तो ऐकू येत नसे. तो चालकाच्या छातीवर आपटून परत यायचा आणि छतातले मायक्रोफोन त्याला टिपायचे. श्वासागणिक छाती काही मिलिमीटर पुढेमागे होते, हृदयाच्या ठोक्याने त्याहून कितीतरी कमी. पण त्या सुराची लाटच मुळात पावणेदोन सेंटिमीटरची असते, त्यामुळे मिलिमीटरच्या अंशाएवढी हालचालसुद्धा परत आलेल्या लाटेत दिसते. चालक जागा आहे का, दमलाय का, त्याचं हृदय नीट चाललंय का, हे गाडी नुसत्या प्रतिध्वनीवरून सांगू शकत होती. या शोधाने अनेकांचे जीव वाचले होते, यात शंका नव्हती. गाडी स्वतः वळणं घ्यायची, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायची. चालकाने फक्त शुद्धीवर असायचं, आणि ते कान बघायचे.

मोरेश्वरांचं हृदय मात्र त्या कानांना आवडत नव्हतं. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं, ते कंपनीकडे पाठवलं, आणि कंपनीने आभार मानले. पुढे काही झालं नाही. ठोके किती चुकले की माणूस धोक्याचा, याची रेषा कुठेतरी दूर एकदाच आखलेली होती आणि मोरेश्वर तिच्या पलीकडे होते.

जनावरांच्या औषधांच्या पेट्या घेऊन त्यांनी अख्खी नोकरी रस्त्यावर काढली होती. शाहूवाडीपासून राजापूरपर्यंत कुठल्या गोठ्यात कुत्रा चावतो हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर दर रविवारी देवरुखला जायचं, थोरल्या बहिणीला, माईला, गाडीत घालून संगमेश्वरपर्यंत फिरवून आणायचं, एवढा एकच रस्ता त्यांच्याकडे उरला होता.

"एसटीने जा की," त्यांची पत्नी सुलभाताई म्हणाल्या.

"आणि माईला काय कंडक्टरच्या मांडीवर बसवून फिरवू?"

त्यानंतर ते फार बोलेनासे झाले. संध्याकाळी खाली जाऊन बंद गाडीत बसायचे. एकदा त्यांची मुलगी केतकी कामावरून परत आली, तर ते बंद गाडीची काच आतून पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. केतकीने भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि एका प्रयोगशाळेत ती ध्वनिमापनाची उपकरणं जुळवायची. गाडीच्या कानांमधलं तत्त्व तिला तोंडपाठ होतं. भिंतीकडे बघणारे बाबा तिला बघवेनात.

ती दार उघडून शेजारी बसली. "बाबा, मी स्टिरिओ बदलते."

"त्याने काय होईल?"

"तो नुसता स्टिरिओ नाहीये. गाडीचे कान तोच आहे."

मोरेश्वर म्हणाले, "नवा आणशील तर गोल बटणवाला आण. काचेवर बोटं घासून आवाज कमी करायचा म्हणजे वैताग आहे."

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. जुना स्टिरिओ काढण्याआधी केतकीने एक गोष्ट करून घेतली. ती स्वतः चालकाच्या जागी बसली, लॅपटॉप गाडीच्या तारांना जोडला आणि शांतपणे श्वास घेत राहिली. तिचं हृदय निरोगी होतं. कान तिला ऐकत होते आणि गाडीला कळवत होते : चालक उत्तम, चालक उत्तम. ते सगळे निरोप ती साठवत होती. तेवढ्यात सुलभाताई चहा घेऊन खाली आल्या. मोरेश्वर पलीकडे स्कूटर मागे घेत होते आणि मोबाइलवरचं गाणं त्यांनी आधी बंद केलं होतं.

"बघ," सुलभाताई म्हणाल्या, "स्कूटर मागं घ्यायची तरी गाणं बंद. जागा शोधायची असली की ह्यांना आवाज चालत नाही. अहो, कान डोळ्यांच्या मध्ये येतात का तुमच्या?"

"तू गप गं. धडकलो म्हणजे?"

"लग्नात मंडप सापडेना तेव्हा बँडवाल्यांना गप करायला निघाले होते, माहितीये का तुला?"

केतकी हसली. पडद्यावरची हिरवी रेघ तिच्याबरोबर थरथरली, मग पुन्हा संथ झाली. हसू कापून टाकता आलं असतं, पण तिने राहू दिलं. जिवंत माणसाचा श्वास अगदी एकसारखा नसतो. उलट, हसण्यामुळे ते जास्त खरं वाटणार होतं.

मग तिने बॅटरीचं काळं टोक सोडवलं. चपट्या प्लास्टिकच्या पट्टीने डॅशबोर्डची चौकट उचकटली, तशा क्लिपा टकटक सुटल्या.

"मोडलं!" मोरेश्वर म्हणाले. त्यांच्या हातात स्क्रू ठेवायची स्टीलची वाटी होती.

"मोडलं नाही हो. असंच निघतं ते."

जुन्या गाड्यांत हे काम सोपं असे. पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची, आणि बाकी स्पीकरच्या जोड्या. रंगाला रंग लावला की झालं. या गाडीत लाल वायर नव्हतीच. चावी फिरली आहे हे कळायला इथे वीज येत नव्हती, निरोप येत होता. गाडीतले सगळे छोटे संगणक पिळलेल्या दोन तारांवर एकमेकांशी बोलत असतात. ब्रेक बोलतो, दरवाजे बोलतात, कान बोलतात. प्रत्येक निरोपाला विषयाचा क्रमांक असतो, पण तो कोणी पाठवला हे त्यात नसतं. चालक उत्तम आहे असं तारांवर आलं की सगळे ते मान्य करतात. कोण म्हणालं, हे कोणी विचारत नाही.

केतकीने त्या दोन तारांना काड्यापेटीएवढी एक डबी जोडली. चावी फिरल्याचा निरोप ऐकून ती नव्या स्टिरिओला जागं करणार होती, आणि गाडीला केतकीचा श्वास ऐकवणार होती. संपला की पुन्हा पहिल्यापासून. वायरी तिने नुसत्या पिळून टेप गुंडाळली नाही. प्रत्येक जोडावर तांब्याची टोपी चेपली, वर आकसणारी नळी चढवली, गरम हवेने ती घट्ट केली. काम देखणं झालं होतं. तिला त्याचा अभिमान वाटला.

नवा स्टिरिओ जागेवर बसला. बॅटरी जोडून मोरेश्वरांनी चावी फिरवली. पडद्यावर हिरवी रेघ आली आणि खाली अक्षरं : चालक : उत्तम. प्रवासी म्हणून स्वागत वगैरे काही नाही. त्यांनी डावीकडचा दिवा लावून पाहिला.

"ह्याची टिकटिक कुठं गेली?"

"ती खरी नव्हतीच बाबा. जुना स्टिरिओ स्पीकरमधून वाजवायचा."

"म्हणजे टिकटिकसुद्धा खोटी?" ते मनापासून हसले. कितीतरी दिवसांनी. मग त्यांनी गोल बटण फिरवलं आणि पार्किंगमध्ये जुनं नाट्यगीत घुमलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "ओ जागुष्टे, हळू!" त्यांनी चावी बंद केली, पुन्हा फिरवली. गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच, तेवढ्याच आवाजात सुरू झालं.

"आठवणीत ठेवतो?"

"ठेवतो. गाणं आणि आवाज, दोन्ही."

"शहाणा आहे," मोरेश्वर म्हणाले आणि स्टिरिओला थोपटल्यासारखं केलं.

जेवताना सुलभाताईंनी विचारलं, "आणि ह्यांना खरंच काही झालं तर? गाडीला कळणार कसं?"

केतकीने त्याचा विचार केला होता. जुना स्टिरिओ टाकून द्यायचा नव्हता. तो सीटखाली बसवून, वेगळ्या स्पीकरला जोडून, त्याचं म्हणणं डबीनेच आधी ऐकायचं. चुकलेले ठोके सोडून द्यायचे, पण श्वासच थांबला तर मात्र गाडीला खरं सांगायचं. अवघड नव्हतं. फक्त तिच्याकडे तेवढा लहान स्पीकर नव्हता आणि नेमकी रेषा कुठे आखायची हे ठरवायला आणखी मोजमापं घ्यावी लागणार होती.

"पुढच्या आठवड्यात करते," ती म्हणाली. "तोवर बाबा, जाऊ नका."

"उद्या माईचा वाढदिवस आहे."

"एक आठवडा, बाबा."

"अगं, आयुष्यभर जी गाडी चालवली तिला कुठं कान होते? डॉक्टर म्हणतो चालव. तू म्हणतेस ठोका चुकतो पण धोका नाही. मग?"

केतकीने आईकडे पाहिलं. सुलभाताई ताटातला भात गोळा करत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "जाऊ दे गं. किती दिवसांनी जेवलेत नीट."

रविवारी मोरेश्वर निघाले. पाठीमागच्या सीटवर माईसाठी पेढे होते आणि नवं लुगडं. केतकीच्या मोबाइलवर गाडी नकाशावरून सरकताना दिसत होती. शेजारी तीच हिरवी रेघ. मलकापूर गेलं. आंबा गेलं. घाट गेला. साखरपा गेलं. केतकीने मोबाइल उलटा ठेवला आणि ती केस धुवायला गेली. परत येऊन पाहिलं तर गाडी देवरुखला माईच्या दारात पोचली होती. चालक : उत्तम.

"पोचले," तिने आईला सांगितलं.

मग माईचा फोन आला. माई फोनवर नेहमी ओरडूनच बोलायची.

"केतके, मोरू आलाय गं, पण उतरत नाहीये! दारात उभी आहे गाडी. झोपलाय का काय?"

"काच वाजव ना आत्या. गाणं लावून बसले असतील."

"गाणंबिणं काही नाही. गप उभी आहे गाडी. थांब, शेजारच्या दाद्याला बोलावते." फोन तसाच चालू राहिला. चपलांचा आवाज आला, कोणीतरी काच ठोकली, मग दार उघडल्याचा आवाज. दाद्या काहीतरी हळू बोलला. मग माई, जी नेहमी ओरडूनच बोलायची, तीही हळू बोलली, "अरे, हा गार आहे."

केतकीने मोबाइल कानापासून दूर धरून पाहिला. त्यावर रेघ हलत होती.

देवरुखच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. कधी, ते त्यांना नक्की सांगता येईना. अंगाच्या थंडाव्यावरून म्हणाले, बराच वेळ झाला असावा. गाडीला एसी लावलेला होता, त्यामुळे तेही खात्रीचं नाही. एरवी अशा वेळी गाडीची नोंद बघतात. श्वास कुठल्या वळणावर थांबला ते त्यात सेकंदासकट असतं. मोरेश्वरांच्या गाडीच्या नोंदीत ते कुठेच मेलेले नव्हते. कोल्हापूर ते देवरुख एक निरोगी माणूस शांतपणे श्वास घेत बसला होता आणि मधूनमधून हसत होता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा केतकीने सगळं सांगितलं. तिच्यावर काय कारवाई करायची याचा त्यांचा विचार चालू होता. तिला त्याच्याशी काही देणंघेणं वाटत नव्हतं.

सुलभाताईंनी तिला एका शब्दाने दुखावलं नाही. आलेल्यागेलेल्यांना चहा विचारला, माईला मिठीत घेतलं, तेराव्याचा स्वयंपाक सांगितला. त्या केतकीला फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायच्या. भाजी निवडताना, केस विंचरताना, मध्येच.

"झटकन गेले असतील ना गं?"

"हो आई."

"म्हणजे त्यांना कळलंच नसेल."

"नसेल कळलं. असं होतं अशा वेळी. गाणं ऐकता ऐकता झोप लागावी तसं."

"गाणं ऐकता ऐकता," सुलभाताई म्हणायच्या आणि पुढची शेंग हातात घ्यायच्या.

हे वाक्य केतकीने दिलासा म्हणून उच्चारलं होतं, पण बोलून बोलून तिचाही त्यावर विश्वास बसला होता. शास्त्रीयदृष्ट्या ते शक्य होतं. हृदयाची लय बिघडली तर काही क्षणांत शुद्ध जाते. गाडी थांबली असती तरी रुग्णवाहिका यायला अर्धा तास लागला असता. ती आकडे मांडायची आणि त्यांतून आपली सुटका होते का ते बघायची. रोज थोडीशी व्हायची.

पोलिसांनी गाडी एका वाहक ट्रकवर चढवून परत पाठवली. दाद्याने त्या दिवशी बंद केलेली चावी पुन्हा कोणी फिरवली नव्हती. दुपारी केतकी पट्टी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली गेली. डबी काढायची आणि ठेचून टाकायची, एवढंच तिने ठरवलं होतं. मागून पावलं वाजली. सुलभाताई होत्या. त्यांनी चालकाशेजारचं दार उघडलं आणि त्या आपल्या नेहमीच्या जागी बसल्या. पदर नीट केला.

"काढायच्या आधी एकदा लाव," त्या म्हणाल्या. "तूच म्हणालीस ना, जिथं थांबलं तिथून लागतं. शेवटचं काय ऐकत होते ते ऐकू दे मला."

केतकीला नाही म्हणता आलं नाही. तिलाही ते हवं होतं. ती बाबांच्या सीटवर बसली. सीट मागे होती, तिचे पाय पेडलांपर्यंत पोचेनात. तिने चावी फिरवली.

स्टिरिओचा दिवा लागला. गाण्याचं नाव उजवीकडून डावीकडे सरकू लागलं. सेकंद पुढे पळू लागले. गाडीत काही ऐकू आलं नाही.

"लागलं का?"

"लागलंय."

"मग ऐकू का येत नाही?"

स्पीकरची वायर निसटली असेल, असं केतकीला वाटलं. तिला खरोखर तसं वाटलं, क्षणभर, आणि तो क्षण तिला पुढे फार आठवणार होता. मग तिची नजर गोल बटणाशेजारच्या आकड्यावर गेली. तिथे शून्य होतं.

तिने पटकन बटणाकडे हात नेला. सुलभाताईंनी तिचं मनगट धरलं. त्यांची नजर तिच्याआधीच तिथे पोचली होती.

"आवाज बंद केला होता त्यांनी," त्या म्हणाल्या.

केतकीकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. चुकून हात लागला असेल. फोन आला असेल. ट्रकवर गाडी चढवताना बटण फिरलं असेल. पण बंद स्टिरिओचं बटण कितीही फिरवलं तरी आकडा बदलत नाही, आणि हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"जागा बघत होते," सुलभाताई म्हणाल्या. "गाडी बाजूला कुठं घ्यायची, ती जागा बघत होते."

त्यांनी मनगट सोडलं नाही. समोर पार्किंगची भिंत होती. गाणं आवाजाविना पुढे चाललं होतं, जसं ते त्या दिवशी घाटातून, साखरप्यातून, माईच्या दारापर्यंत चाललं असणार.

स्टिअरिंगमागच्या पडद्यावर हिरवी रेघ संथपणे वरखाली होत होती. चालक : उत्तम. थोड्या वेळाने ती रेघ एकदम थरथरली, दोनचार वेळा उसळली आणि पुन्हा संथ झाली.

त्या शनिवारची केतकी हसली होती.